मौनातली प्रार्थना रॉकच्या तबकडीवर



आपल्या अहिल्यानगरहून दौंडच्या रस्त्याला लागलं की थोड्याच वेळात अरणगाव येतं. तिथं मेहेराबादच्या टेकडीवर मेहेरबाबांची समाधी आहे, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण त्यांच्या शब्दांवरून झालेलं एक इंग्रजी रॉक गाणं आहे, ते आपल्याकडे फारसं कुणी ऐकलेलं नाही. त्याचं नाव ‘परवरदिगार’, म्हणजे पालनकर्ता.

मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मेहेराबादला मौन धरलं. ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवेपर्यंत ते सुटलं नाही. बरीच वर्षं ते इंग्रजी अक्षरांच्या पाटीवर बोट फिरवून बोलत. १९५३ मध्ये त्यांनी एक प्रार्थना दिली. अल्ला, अहुरमझ्द, परमेश्वर अशी निरनिराळ्या धर्मांतली देवाची नावं तिच्यात एका रांगेत येतात.

इंग्लंडच्या ‘द हू’ या बँडचे पीट टाउनशेंड बाबांचे भक्त झाले. दोघांची भेट मात्र कधीच झाली नाही. टाउनशेंड यांचं १९७१ चं ‘बाबा ओ’रायली’ जगभर गाजलं. त्याच्या नावातला ‘बाबा’ म्हणजे मेहेरबाबाच. पण त्यात बाबांचे फक्त नाव आहे. शब्द आहेत ते ‘परवरदिगार’मध्ये. १९७२ च्या ‘हू केम फर्स्ट’ या तबकडीवर ते अगदी शेवटी आहे, आणि शेवटचं गाणं बहुतेकदा ऐकायचं राहूनच जातं.

मूळ प्रार्थना गद्य. चालीत बसावी म्हणून टाउनशेंड यांनी शब्दांत फेरफार केले. तरी काही ठिकाणी इतकी नावं आणि विशेषणं सुरात बसवताना ओढाताण झालेली जाणवते. मेहेराबादला ही प्रार्थना सगळे मिळून म्हणतात; इथं एकटा माणूस गातो, तेव्हा तो सामुदायिक भाव उणा पडतो. पण गाण्याचं मोल दुसरीकडे आहे. रॉक म्हटलं की ‘मी’ मोठा. इथं गायक स्वतःविषयी काहीच सांगत नाही. सूर हळू सुरू होतो, भरत जातो, पुन्हा निवळतो, आणि तो फक्त नावं घेत राहतो.

हे आपल्याला परकं वाटू नये. जात्यावर बसलेली बाई पहिली ओवी देवालाच देत असे. तिथं ना पुजारी लागे, ना सोवळं. हात कामात आणि नाव ओठावर. म्हणून इंग्रजी कळत नसलं तरी हे गाणं एकदा ऐका. त्यातली नावं तुम्हाला ओळखू येतील.

बाबांचे शब्द कुणीतरी पाटीवरून उतरवून घेतले, म्हणून ते लंडनपर्यंत पोचले. आपल्या आज्यांच्या ओव्या अजून कितीतरी घरांत कागदावर आलेल्या नाहीत. आजी आहे तोवर तिच्याजवळ बसा, मैत्रिणींनो, आणि लिहून घ्या.