चारही रकान्यांत दोन टक्के

माझी नोकरी पशुखाद्याच्या कारखान्यात सूत्रं बसवण्याची. पेंडीत सरकी किती, मका किती, कोंडा किती, हेच आयुष्यभर केलं. अधूनमधून एखादा ससेपालक गोळीपेंड मागायला यायचा, तेव्हा मी अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेचं 1977 सालचं पातळसं पुस्तक उघडायचो. त्यातल्या तक्त्यात प्रथिनांचे आकडे रकान्यागणिक बदलतात : नुसत्या जगणाऱ्या सशाला 12 टक्के, गाभणीला 15, वाढत्याला 16, पाजणारीला 17. स्निग्धांश मात्र चारही रकान्यांत एकच, 2 टक्के. आमच्या भागात दुधाचा भाव फॅटवर ठरतो. तिथे हा आकडा डोळ्यांत खुपणारच.

कारण सशीचं दूध म्हशीला लाजवेल असं. म्हशीच्या दुधाला सात फॅट लागली तर मालक खूश. सशीच्या दुधात ती बारा-तेरा टक्के असते. दिवसातून बहुधा एकदाच, चार-पाच मिनिटं ती पिल्लांजवळ जाते, आणि तेवढ्यात चोवीस तासांची शिदोरी देते. चार किलोची मादी तिसऱ्या आठवड्यात दिवसाला पाव लिटरच्या आसपास दूध देते.

तरीही 2 टक्के पुरत होते, कारण जुन्या ससेपालनात मादीला उसंत होती. सशाच्या पैदाशीचा लौकिक तसा प्राचीन. रोमन लेखक प्लिनी सांगतो की बालेआरिक बेटांवरच्या लोकांनी सशांच्या उपद्रवाला कंटाळून सम्राट ऑगस्टसकडे सैन्य मागितलं होतं! मादी नराशी संग झाल्यावरच अंडं सोडते, हे वॉल्टर हीप यांनी 1905 मध्ये प्रयोगानं दाखवलं. म्हणजे माजाची वाट बघायची गरज नाही. व्यालेली मादी लगेच फळवता येते. परसातला शेतकरी तेवढी घाई करत नसे. गवत, पाला, स्वयंपाकघरातली सालं यांवर वर्षाची मोजकी वेतं घ्यायची, की झालं.

घाई आली ती तारेच्या पिंजऱ्यांबरोबर आणि निवडीच्या पैदाशीबरोबर. फ्रान्समध्ये तुलूजजवळ आणि स्पेनमध्ये व्हॅलेन्सियात 1970 च्या दशकापासून जास्त पिल्लं देणारे वाण निवडले जाऊ लागले. पुढे कृत्रिम रेतन आलं आणि 42 दिवसांचं चक्र रूढ झालं : व्याल्यावर अकराव्या दिवशी रेतन, त्यानंतर एकतीस दिवसांच्या आसपास पुढचं वेत. आता मादी एकाच वेळी आठ-दहा पिल्लं पाजते आणि पोटातलीही वाढवते. पहिलटकरीण तर अजून स्वतःच वाढत असते. ती खाऊन खाऊन खाणार किती? अंगावरची चरबी झरते, मग दुसऱ्या वेताला ती फळत नाही.

दाणा वाढवावा तर पिष्टमय पदार्थ जास्त होऊन आतडी बिघडतात; सशाला तंतू लागतोच. मग उरलं तेल. युरोपातल्या प्रयोगशाळांनी सोयाबीनचं तेल, सूर्यफूल, डुकराची चरबी असं दोन-पाच टक्के घालून पाहिलं. (गोळी करणाऱ्याला विचारा : तेल जरा जास्त झालं की गोळीचा भुगा होतो, आणि उन्हाळ्यात पोत्याला खवट वास मारतो.)

मादीनं जास्त ऊर्जा खाल्ली, पिल्लं टपोरी झाली. पण मादीच्या अंगाला काहीच लागलं नाही. जादा स्निग्धांश सरळ दुधात उतरला. रवंथ करणाऱ्या म्हशीच्या पोटात तेलाचं रूप पालटतं. सशीच्या पोटात तसं होत नाही, खाल्लेलं तेल दुधात ओळखू येतं. 1990 च्या दशकातल्या प्रयोगांचं सार एवढंच की तेल पिल्लांना पावलं, आईची झीज तशीच राहिली. मला यात नवल वाटलं नाही. आमच्याकडची जातिवंत दुभती म्हैससुद्धा घातलेला खुराक आधी बादलीत उतरवते, बरगड्या मागाहून झाकते.

मग माश्यांचं तेल, जवस यांचे प्रयोग झाले, गर्भाला आणि बीजांडाला कोणतं मेदाम्ल मानवतं हे पाहायला. पहिलटकरणीला लहानपणी तंतुमय खाद्य देऊन खाण्याची भूक वाढवायची, हीही युक्ती निघाली. पण मला सगळ्यात पटली ती व्हॅलेन्सियाच्या लोकांची. त्यांनी स्पेनमधली व्यापारी ससेपालन केंद्रं धुंडाळली आणि किमान 25 वेतं होऊनही भरपूर पिल्लं देत असलेल्या म्हाताऱ्या माद्या शोधून काढल्या. त्यांच्या वंशातून जो वाण उभा राहिला, त्यातल्या माद्या खाद्य हलकं पडलं तरी अंगावरची शिल्लक राखून वापरतात.