'लाचखोर' हा शब्द कुणाचा?

परवा लाचखोरीची बातमी टाकली, तर खाली एकाची कमेंट: "दादा, लाचखोर, बेजबाबदार हे परके शब्द आता तरी सोडा." रागावलो नाही. पण रात्री कोश काढून बसलो.

लाच हा शब्द आपला, संस्कृतातून आलेला. 'खोर' फारसी, 'खुर्दन' म्हणजे खाणे, त्यातून आलेला. इराणात 'लाच' कुणाला कळणार नाही. जोडणी इथली आहे. भांडखोर तसाच. पाणीदार, धारदार यांतला 'दार' हा 'दाश्तन'मधला, म्हणजे जवळ असणे, बाळगणे.

खरी गंमत 'बे' आणि 'ना'ची. फारसीत साधारणपणे नामाला 'बे' लागतो (बेकार, बेइमान) आणि विशेषणाला 'ना' (नालायक, नापसंत). आपण काय केलं? 'पीक' या नामाला 'ना' लावून जमीन नापीक केली आणि 'जबाबदार' या विशेषणाला 'बे' लावून बेजबाबदार. फारसीच्या मास्तराने दोन्हींवर लाल रेघ मारली असती! भजनात गाणारा बेसूर, ठेका चुकला की बेताल; सूर-ताल आपले, 'बे' तेवढा त्यांचा.

आणि सातबारा काढून बघा. 'मौजे अमुक'. हे 'मौजा'चं अनेकवचन नव्हे, मौजमजेशी तर काहीच संबंध नाही. फारसीत नाम आधी येतं, विशेषण किंवा नाव मागून, आणि दोघांना जोडायला मध्ये एक छोटा 'ए'. त्यालाच इजाफत म्हणतात. मौजे म्हणजे 'अमुक नावाचा मौजा'. किल्ले रायगड, कसबे पुणे यांतला 'ए' तोच. आपण गडावर छाती काढून 'किल्ले रायगड' म्हणतो ना, ती रचना फारसी!

आता कोणी म्हणेल, महाराजांनीच राज्यव्यवहारकोश करवून घेतला. बरोबर, रघुनाथपंत हणमंत्यांकडून. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास मुजुमदाराचा अमात्य झाला, सरनौबताचा सेनापती. त्यामागे राज्य आपलं आहे हे कागदावर दिसावं, हा हेतू होता आणि तो मला मान्यच आहे. पण तो दरबारी कारभाराच्या शब्दांचा कोश होता. शेतातल्या, बाजारातल्या बोलण्यातून शब्द उपटायचा हुकूम त्यात नाही. मुजुमदार आडनाव तर आजही आहे.

तेव्हा बातमीत लाचखोर राहणार. तुमच्या गावाकडे असे अर्धे आपले, अर्धे फारसी शब्द असतील तर खाली लिहा. आमच्या आजीचा एक होता, 'बेभरवशाचा'. पावसाला म्हणायची.