मोजदाद नसलेला खेळ

आमचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात प्रेसशॉपमध्ये आहे. तिसरी पाळी संपवून तो सकाळी घरी येतो आणि झोपण्याआधी अर्धा तास संगणकावर खेळत बसतो. एकदा मी रागावलो. तो म्हणाला, "अब्बा, जरा बसा तरी." मी बसलो. पडद्यावर वाळवंट, दूर एक डोंगर आणि त्याकडे निघालेली एकटी आकृती. बंदूक नाही, गुण नाहीत. कानावर फक्त वारा.

हा २०१२ सालचा 'जर्नी'. वाटेत एखादा अनोळखी खेळाडू भेटतो. तो कोण, कुठला, कळत नाही. बोलता येत नाही, फक्त सूर काढून साद घालता येते. सोबत आलेल्यांची नावं दिसतात ती अगदी शेवटी.

व्हिडिओ गेममधला साधेपणा जुनाच. १९९७ मध्ये नोकियाच्या ६११० फोनवर तानेली अर्मान्तो यांचा साप आला. पुढे कंपनीच्या बसची वाट पाहताना आपल्याकडेही अनेकांनी तो वळवळवला. पण तो साधेपणा नाइलाजाचा होता, पडदाच इवलासा! २००१ मध्ये जपानच्या फुमितो उएदा यांनी 'इको'मध्ये मुद्दाम गोष्टी वगळल्या. एका मुलाने एका मुलीचा हात धरून किल्ल्यातून बाहेर पडायचं, एवढंच. तिची भाषा त्याला कळत नाही. संगीतही फार थोडं. पुण्यात तयार झालेल्या २०२० च्या 'राजी'त लढाया पुष्कळ आहेत, तरी भावाला शोधणारी ती मुलगी जुन्या वास्तूंमधून चालते तेव्हा पाहत राहावंसं वाटतं.

हे आवडतं का? १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. त्यानंतर या पट्ट्यात कारखाने वाढत गेले आणि घराघराची झोप पाळीवर ठरू लागली. मुलगा रात्रभर नग मोजतो. गुण मोजणारा खेळ म्हणजे त्याला आणखी एक पाळीच. इथे मात्र त्याला कुणी हिशेब मागत नाही.

मी गझल लिहिणारा माणूस. शेराच्या दोन ओळींत जे सांगायचं राहतं, ते ऐकणारा स्वतःच्या अनुभवातून भरून काढतो, हे मला ठाऊक होतं. खेळातही तसं घडतं, हे मुलाने दाखवलं.

आता त्याच्या त्या अर्ध्या तासात आमच्या घरातला टीव्ही बंद असतो.