शुक्राणुस्पर्धा, बेडकांतील

एकाच मादीची अंडी फलित करण्यासाठी दोन किंवा अधिक नरांच्या शुक्राणूंत होणारी चढाओढ. जेफ्री पार्कर यांनी १९७० मध्ये कीटकांच्या संदर्भात ही कल्पना मांडली. बहुतेक बेडकांत फलन शरीराबाहेर होते. नर मादीला पाठीवरून घट्ट कवटाळतो आणि ती अंडी सोडू लागली की त्यांवर शुक्राणू सोडतो. तेव्हा मिठी ज्याची, पिल्ले त्याची, असे वाटणे साहजिक आहे. पण पाणी सर्वांना मोकळे असते.

याचे सर्वांत बोलके उदाहरण नैर्ऋत्य ऑस्ट्रेलियातील क्रिनिया जॉर्जियाना हा बदकासारखा ओरडणारा छोटा बेडूक. उथळ पाण्यात एक नर मादीच्या पाठीवर, दुसरा तिच्या पोटाला बिलगलेला, आणि आणखी काही जागा मिळेल तिथे धरून, असा गुंता अनेकदा दिसतो. या ओढाताणीत कमी अंडी फळतात, असे फिलिप बर्न व डेल रॉबर्ट्स यांनी १९९९ मध्ये दाखवले; म्हणजे नरांच्या भांडणाची किंमत मादीही मोजते. अशी गर्दी जिथे नेहमीची, त्या जातींत नरांचे वृषण शरीराच्या मानाने मोठे असतात. शुक्राणू जितके जास्त, तितकी बाप होण्याची शक्यता जास्त, हा त्यामागचा साधा हिशोब. मात्र वेगाचा हिशोब उलटा निघाला. क्रिनिया जॉर्जियानाच्याच दोन नरांचे शुक्राणू प्रयोगशाळेत एकाच वेळी अंड्यांवर सोडले, तेव्हा सरशी झाली ती संथ पोहणाऱ्या शुक्राणूंची (२००९). बेडकाच्या अंड्याभोवती जेलीचा जाड थर असतो आणि शुक्राणूला तो भेदून आत जायचे असते, हे इथे विसरून चालणार नाही.

मिठीशिवायही बाप होता येते. पिरेनीज पर्वतातील राना टेम्पोरारिया या बेडकाचे काही नर, जोडी निघून गेल्यावर, ताज्या अंडपुंजालाच मादीसारखे कवटाळतात आणि फळायची राहिलेली अंडी फलित करतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ८४ टक्के अंडपुंजांवर अशी ‘चाचेगिरी’ झालेली आढळली. यात नराच्या आकाराचा संबंध दिसला नाही, आणि काही नर एकाच हंगामात जोडीही जमवत व चाचेगिरीही करत.

सह्याद्रीतील निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी या रातबेडकाची रीत निराळीच. कोयना परिसरातील हुंबर्ली येथील निरीक्षणे २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. हा नर मादीला कवटाळत नाही. तिच्या पाठीवर बसून हात पानावर किंवा फांदीवर टेकवतो, शुक्राणू तिच्या पाठीवरच सोडतो आणि उतरून जातो. मादी अंडी घालते ती त्यानंतर, नर जवळ नसताना.