चार बारे अठ्ठेचाळीस

मागच्या महिन्यात ऑफिसातला एक मित्र जपानची ऑनसाइट संपवून आला. बाकीच्यांना चॉकलेटं, आणि मला तळहातावर मावेल एवढी एक डबी. "तुला पत्त्यांचं वेड आहे ना, घे." डबीवर नेपोलियनसारखा दिसणारा कुणीतरी आणि ब्रँडचं नाव काय, तर 'दाइतोर्यो', म्हणजे राष्ट्राध्यक्ष! आणि बनवणारी कंपनी निन्टेंडो. मी उडालोच. मारिओवाली निन्टेंडो?? पत्ते??

उघडून बघतो तर आत ४८ पत्ते, आपल्या पत्त्यांपेक्षा बरेच छोटे आणि पुठ्ठ्यासारखे जाड. कुठे आकडा नाही, राजा-राणी-गुलाम नाही. पाइनच्या झाडापाशी क्रौंच, चेरीच्या फुलांखाली पडदा, टेकडीवर भलामोठा चंद्र, छत्री घेतलेला एक माणूस आणि त्याच्या समोर बेडूक. याला म्हणतात हानाफुदा. हाना म्हणजे फूल, फुदा म्हणजे पत्ता. वर्षाचे १२ महिने, दर महिन्याचं एक झाड किंवा फूल, आणि प्रत्येकाचे ४ पत्ते.

दिसायला इतकं जपानी काही असू शकत नाही. पण मला टोचला तो ४८ हा आकडा. आपला कॅट ५२चा, मग इथे ४८च का? तो वीकेंड त्यातच गेला.

उत्तर शोधायला पार पोर्तुगीजांपर्यंत जावं लागतं. १५४३ साली पोर्तुगीज व्यापारी जपानच्या तानेगाशिमा बेटावर उतरले आणि जपान्यांना बंदुका मिळाल्या. १५४९ मध्ये आपल्या गोव्याहून निघालेले सेंट झेवियर कागोशिमाला पोचले. या ये-जा करणाऱ्या जहाजांवरच्या खलाशांबरोबर पत्तेही गेले. (आपला 'पाव' आणि जपानी भाषेतला ब्रेडसाठीचा 'पान' हे एकाच पोर्तुगीज शब्दाचे वंशज आहेत, हे मला या नादात कळलं.) पत्त्याला पोर्तुगीजमध्ये 'कार्ता', त्याचं जपानीत झालं 'कारुता'.

त्या पोर्तुगीज कॅटात तलवारी, सोटे, पेले आणि नाणी असे चार रंग होते. दश्शी नव्हतीच. १ ते ९ आणि वर तीन चित्रं, म्हणजे एका रंगाचे १२. चार बारे अठ्ठेचाळीस! जपानी कारागिरांनी त्याची हुबेहूब नक्कल सुरू केली. क्युशू बेटावरच्या मिइके गावचे पत्ते त्यासाठी प्रसिद्ध होते. त्या गावच्या कामातला फक्त एकच पत्ता आज शिल्लक आहे, कोबेजवळच्या एका संग्रहालयात. एक पत्ता! बाकीचे खेळून खेळून झिजले असणार, किंवा जाळले गेले असणार.

जाळले म्हणतोय, कारण जुगार. १५९७ मध्येच चोसोकाबे मोतोचिका या सरदाराने आपल्या कायद्यात कारुतावर बंदी घातली होती. पुढे तोकुगावा राजवटीने १६३९ मध्ये पोर्तुगीज जहाजांना दारं बंद केली आणि १६४८ मध्ये पत्त्यांवर हुकूम काढला. पण पत्ते खेळणारा माणूस असा ऐकतो होय? सतराव्या शतकाच्या शेवटाला 'उन्सुन कारुता' नावाचा कॅट आला, चाराऐवजी पाच रंग, एकेकाचे १५, एकूण ७५ पत्ते. त्यात पोर्तुगीज ड्रॅगन आणि जपानी भाग्यदेवता शेजारी शेजारी बसतात. कुमामोतोच्या हितोयोशी गावात हा खेळ टिकला. चार-चार जणांच्या दोन टीम, आपल्या मेंढीकोटासारखे हात करायचे. नाण्यांच्या रंगाला अजून 'ओरु' म्हणतात, पोर्तुगीज 'ओरो' म्हणजे सोनं, त्यावरून. ज्यांना हाकलून दिलं त्यांचे शब्द एका डोंगराळ गावाने जिभेवर ठेवले.

दुसरीकडे मूळ ४८चा कॅटही वेष बदलत राहिला. चित्रं इतकी अमूर्त झाली की तलवार कुठली आणि पेला कुठला ते पाहणाऱ्याला ओळखू येऊ नये. १७८७ ते १७९३ च्या सुधारणांमध्ये त्यावरही बडगा आला. आणि मग जुगाऱ्यांच्या हाती फुलांचे पत्ते दिसू लागतात. ४ रंग गुणिले १२ च्या जागी १२ महिने गुणिले ४. सेकंड इयरला शिकलेला मॅट्रिक्सचा ट्रान्सपोज, दुसरं काय! पत्ते तेवढेच, पण विदेशी खूण एकही उरली नाही. हवालदाराने विचारलंच तर, साहेब, फुलं बघतोय. :-)

सरकारही भोळं नव्हतं, फुलांवरही बंदी आलीच. ती उठली १८८०च्या दशकात, मेइजी काळात. १८८९ मध्ये फुसाजिरो यामाउची यांनी क्योतोत हानाफुदा बनवायचं दुकान काढलं, तेच आजचं निन्टेंडो. १९०२ मध्ये सरकारने बंदीपेक्षा हुशार उपाय शोधला, पत्त्यांवर कर! कित्येक छोटे कारागीर त्यात बुडाले. दोन-अडीचशे वर्षांच्या बंदीला जे जमलं नाही ते कराच्या एका चिठ्ठीने केलं, याचं मला खरंच वाईट वाटलं. पत्त्यांवरचा तो कर शेवटी १९८९ मध्ये गेला. निन्टेंडो मात्र हानाफुदा अजूनही बनवते.

आमच्या घरी पत्त्यांना बंदी होती. आजोबा म्हणायचे, पत्ते म्हणजे जुगार, बस. चौथीत असताना मी आणि चुलतभाऊ माळ्यावर झब्बू खेळताना सापडलो, तर त्यांनी आख्खा कॅट बंबात घातला. आईने तेव्हा काही बोलायची सोयच नव्हती, पण आजही मी पत्ते काढले की ती उठून आत जाते.

रविवारी मी हानाफुदा चटईवर मांडून एकटाच नियम वाचत बसलो होतो. आई चहा घेऊन आली, वाकून बघितलं.

"काय रे, छान चित्रं आहेत. जुळवायचा खेळ का?"

म्हटलं, "हो, एका महिन्याची फुलं जुळवायची."

बसली की समोर! चेरीखालचा पडदा आणि साकेचा पेला दोन्ही तिने उचलले. ही जोडी म्हणजे फुलं बघत घेतलेली दारू, तिला वेगळे गुण मिळतात. हे मी तिला सांगितलं नाही. इथे थांबून गुण घ्यायचे, की 'कोइ-कोइ' म्हणजे 'ये ये' म्हणत खेळ पुढे न्यायचा, असं विचारलं.

"थांबायचं कशाला? ये ये," आई म्हणाली, आणि पुढचा पत्ता उलटला.