डोंगरातले बेट



बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र उभा राहतो. चहूकडे पाणी, मध्ये दाट झाडी, झाडीत पाखरे नि जनावरे. अशा ठिकाणी चार दिवस रानात हिंडावे असे कोणाला वाटणार नाही? पण समुद्र पडला आपल्यापासून लांब. मात्र आपली भाषा मोठी सोयीची आहे. ती बांबूच्या झुबक्यालाही बेटच म्हणते. त्या अर्थाने एक बेट आपल्याच जिल्ह्यात आहे. नगर म्हणा, की २०२४ सालापासूनचे अहिल्यानगर म्हणा, त्याच्या पश्चिम टोकाला, अकोले तालुक्यात.

ह्या बेटाच्या एका अंगाला कोकणात कोसळणारे कडे आणि दुसऱ्या अंगाला आपले कोरडे माळरान. नगर शहरात वर्षाकाठी वीस-बावीस इंच पाऊस पडला तरी आपण देवाला नारळ फोडतो. तिकडे घाटघरला तो दोनशे इंचांच्या घरात जातो. एकाच जिल्ह्यातली ही गोष्ट, बरे का! कर्जत-जामखेडच्या शेतकऱ्याला ती खरी वाटायची नाही.

भंडारदऱ्याहून जलाशयाच्या कडेकडेने रतनवाडीला यावे. तेथे अमृतेश्वराचे जुने, कोरीव दगडी देऊळ आहे. त्याच्या मागून ओढ्याच्या काठाने रतनगडाची वाट निघते. थोडे चालले की डोक्यावर हिरडा, बेहडा, जांभूळ यांची छाया दाटते आणि ऊन खाली उतरेनासे होते. येथे भेकर आहे, उदमांजर आहे, बिबट्याही आहे. तो सहसा दिसत नाही, आणि न दिसला तर हळहळू नये. पाहायचे ते शेकरू. ही तांबूस, झुपकेदार शेपटीची मोठी खार आपला राज्यप्राणी. ती जमिनीवर क्वचितच उतरते; फांदीवरून फांदीवर झेप घेत जाते. जेथे फांदीला फांदी भिडत नाही तेथे तिचा संसार चालत नाही. म्हणून शेकरू दिसले की समजावे, वरचे छप्पर अजून शाबूत आहे.

आता हे छप्पर टिकले कसे? कडे उभे, पाऊस मुसळधार, गाडीवाट नाही, हे तर झालेच. पण रान माणसांवाचून नव्हते. रतनगड, हरिश्चंद्रगड ह्या गडांच्या परिसरात महादेव कोळी लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. गडांची राखण हे त्यांच्यापैकी कित्येकांचे वतन. १८१८ साली इंग्रजी अंमल आला, गडांवरची शिबंदी मोडली, पोट गेले, आणि सावकाराचा फास तेवढा राहिला. त्यातून बंडे उठली. देवगावचे राघोजी भांगरे ह्याच डोंगरांच्या आधाराने सरकारशी झुंजले. ते शेवटी पकडले गेले तेही ह्या रानात नव्हे, तर दूर पंढरपुरात. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली.

पुढे १८७८ च्या कायद्याने सरकारला रान राखीव करता आले. ज्याने हिरडा वेचला, कारवीच्या कुडाने घर शाकारले, तो आपल्याच रानात परवान्याचा धनी झाला. पण एक कायदा त्याचा स्वतःचा होता. देवाच्या नावाने सोडलेल्या देवराईत कुऱ्हाड न्यायची नाही. वर्तक आणि माधव गाडगीळ ह्या शास्त्रज्ञांनी १९७० नंतर सह्याद्रीतल्या अशा देवरायांची पाहणी केली, तेव्हा शिकलेल्या मंडळींचे तिकडे लक्ष गेले. खेड्यातल्या म्हाताऱ्यांना ते ठाऊकच होते.

ह्या डोंगरात प्रवरा उगम पावते. तिच्यावर भंडारदऱ्याला १९१० साली दगडी धरणाचे काम निघाले आणि ते १९२६ मध्ये पुरे झाले. उंची सुमारे २७० फूट, साठा अकरा अब्ज घनफूट. ओझरच्या बंधाऱ्यातून दोन्ही तीरांना कालवे गेले, संगमनेर-श्रीरामपूरकडची जमीन भिजली, ऊस उभा राहिला, आणि १९५० साली लोणीजवळ प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. ह्या साखरेची गोडी आपण सर्वांनी चाखली. जलाशयाने मात्र डोंगरातली भातखाचरे पोटात घेतली. आणि खडक पाणी धरीत नसल्यामुळे, इतका पाऊस पडूनही वरच्या वाड्यांतल्या बायांना उन्हाळ्यात हंडे घेऊन दूर जावे लागते. ह्याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही. मास्तरांनी भूगोलाच्या तासाला प्रवरेचा नकाशा काढला, तर ह्या वाड्याही त्यात दाखवाव्यात.

१९८६ साली कळसूबाई ते हरिश्चंद्रगड हा सुमारे ३६१ चौरस किलोमीटरचा मुलूख अभयारण्य झाला. आता गाडीवाट आहे, आणि माणसेही लोटतात. विशेषतः मे अखेरीस, वळवाचे शिंतोडे पडले की काजवे पाहायला. सादडा, हिरडा, बेहड्याचे अख्खे झाड एका तालात उजळते आणि विझते. काजव्याची मादी ओल्या मातीत, पाल्यात अंडी घालते, आणि पाहणारे नेमके तेथेच पाय देतात. मोटारींचे दिवे पडले की त्यांची आपसातली खूण चुकते, ते वेगळेच. तेव्हा जायचे तर गाडी गावात सोडावी, वाडीतला एखादा वाटाड्या घ्यावा, विजेरी फडक्याने झाकावी आणि पायवाट सोडू नये. दहाएक मिनिटे नुसते उभे राहिले की डोळे अंधाराला सरावतात, आणि समोरचे झाड दिसू लागते.