क्रोधसंयम (ख्रिस्ती परंपरा)

क्रोधसंयम, ख्रिस्ती : रागाच्या भरातले बोलणे-वागणे आवरण्याची आणि मनात साठलेला राग उतरवण्याची ख्रिस्ती शिकवण व साधना. राग येणे हेच पाप, की तो धरून ठेवणे पाप, हा इथला मूळ वाद. तो अजून मिटलेला नाही.

संज्ञा : हिब्रूत राग आणि नाक या दोहोंना एकच शब्द आहे, 'अफ'. नाकावर राग असणारी माणसे मराठीलाही परकी नाहीत. ज्याला उशिरा राग येतो तो हिब्रूत शब्दशः 'लांब नाकाचा'. मराठी बायबलने त्यासाठी 'मंदक्रोध' हा नेटका शब्द योजला. स्तोत्रांत तो देवाचे विशेषण म्हणून येतो. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात पौलाने आत्म्याच्या फळांत शेवटी 'एंक्रातेइया' सांगितली आहे. तिचा अर्थ स्वतःवर ताबा. मराठी भाषांतरातला 'इंद्रियदमन' हा शब्द वैराग्याकडे जास्त झुकतो.

बायबल : काइनाने हाबेलाला मारण्याआधी देव त्याला सावध करतो : पाप दाराशी दबा धरून बसले आहे, त्याच्यावर तू सत्ता चालवली पाहिजेस. खून अजून घडलेला नाही, राग मात्र चेहऱ्यावर दिसतो आहे. संयमाची जागा याच दोहोंच्या मध्ये आहे. मोशेने खडकावर दोनदा काठी मारली आणि वचनदत्त देश त्याला अंतरला. त्याचे कारण क्रोध की अविश्वास, याबद्दल भाष्यकारांत मतभेद आहेत.

डोंगरावरील प्रवचनात (मत्तय ५:२२) येशू भावावर रागावणाऱ्याला न्यायदंडास पात्र ठरवतो. काही हस्तलिखितांत तिथे 'विनाकारण' असा जादा शब्द आढळतो. एवढ्या एका शब्दाने सकारण रागाला वाट मोकळी होते, म्हणून त्यावर शतकानुशतके खल झाला. इफिसकरांस पत्रात राग सोडायला मावळत्या सूर्याची मुदत घातली आहे. शब्बाथाच्या दिवशी हात वाळलेल्या माणसाला बरे करताना येशूने सभोवती रागाने पाहिले, असे मार्क (३:५) स्पष्ट सांगतो.

मठपरंपरा : या विषयाचे खरे शास्त्र इजिप्तच्या वाळवंटात घडले. अब्बा अम्मोनास याने आपण स्केटिस येथे चौदा वर्षे रात्रंदिवस क्रोधावर विजय मागत होतो, असे सांगितल्याची नोंद आहे. एव्हाग्रिअस (मृ. ३९९) याने आठ दुर्विचारांत क्रोध गणला आणि तो सर्वांत वेगाने उसळणारा विकार मानला. प्रार्थनेला बसले की ज्याने दुखावले त्याचाच चेहरा समोर येतो, हे त्याचे निरीक्षण आजही पटते. उपाय त्याने साधे दिले : स्तोत्रगायन, सहनशीलता, दया.

त्याच्या विचारांचा वारस जॉन कॅसिअन (सु. ३६०–सु. ४३५) याने मठजीवनावरील ग्रंथाचे आठवे प्रकरण क्रोधाला दिले. त्यात स्वतःची कबुली आहे. वाळवंटात एकटा असताना, भांडायला जवळ कोणी नसतानाही, त्याला राग येई : बोरू फार जाड किंवा फार बारीक निघाला म्हणून, चाकूची धार बोथट म्हणून, वाचनाची घाई असताना गारगोटीतून ठिणगी लवकर पडेना म्हणून. निर्जीव वस्तूला, नाहीतर निदान सैतानाला, शिव्या घातल्याखेरीज जीव थंड होत नसे. यावरून त्याने काढलेला निष्कर्ष मोलाचा आहे. माणसांपासून दूर गेल्याने राग जात नाही. त्याला फक्त सावज मिळत नाही. 'विनाकारण' हा शब्द मागाहून घुसडलेला आहे असे त्याचे मत होते, आणि राग त्याने केवळ स्वतःच्या पापापुरता मान्य केला.

पौर्वात्य चर्च : एव्हाग्रिअस व कॅसिअन यांचे लेखन 'फिलोकालिया' (व्हेनिस, १७८२) या संग्रहात आहे.

उत्तरकाल : थॉमस अक्वायनसने (तेरावे शतक) कॅसिअनइतकी कडक भूमिका घेतली नाही. विवेकाच्या ताब्यातला राग त्याला योग्य वाटतो. अन्याय पाहूनही राग न येणे ही तो उणीव मानतो. जोसेफ बटलरच्या प्रवचनांत (१७२६) झटकन येणारा राग आणि विचारपूर्वक बाळगलेला रोष यांत भेद केला आहे.

मराठीत : लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये (१९३४–३६) त्यांचे पती कवी ना. वा. टिळक यांचा शीघ्रकोप आणि त्यामागून येणारा पश्चात्ताप दोन्ही दिसतात. बाप्तिस्म्यानंतरच्या (१८९५) टिळकांचे चित्रही त्यांनी गोड करून रंगवलेले नाही, म्हणून या विषयावरचा हा अस्सल मराठी दस्तऐवज आहे.

आधुनिक काळ : नवऱ्याचा मार खाणाऱ्या स्त्रीला 'सूर्य मावळण्याआधी मिटवून टाक' असे सांगणे हा या शिकवणीचा विपर्यास आहे. संयम मारणाऱ्याने शिकायचा असतो.

३० जानेवारी १९५६ च्या रात्री माँटगोमेरी येथे, बसमधील वर्णभेदाविरुद्ध चाललेल्या बहिष्काराचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या घराच्या ओसरीवर बॉम्ब फुटला. पत्नी आणि तान्ही मुलगी घरात होती, दोघी बचावल्या. दाराशी संतप्त जमाव लोटला, काहींच्या हाती शस्त्रे होती. किंग यांनी ओसरीवरूनच त्यांना शस्त्रे घेऊन घरी परतायला आणि शत्रूवर प्रेम करायला सांगितले. जमाव पांगला. पुढे १९५८ च्या पुस्तकात त्यांनी लिहिले की त्याच रात्री अंथरुणावर पडल्यावर, बायको-मुलगी मेलीच असती या विचाराने त्यांचा राग उफाळला, द्वेषाच्या काठापर्यंत ते पोचले आणि तिथे त्यांनी स्वतःला आवरले. बसबहिष्कार चालूच राहिला. २१ डिसेंबर १९५६ रोजी किंग माँटगोमेरीच्या बसमध्ये पुढच्या बाजूला बसले.